जुना गेम लावण्याआधी तेव्हाचं मशीन आठवा

प्रश्न थोडक्यात असा: वय ५४, नवा विंडोज ११ चा लॅपटॉप आणि माळ्यावरून काढलेला एक डबा. डब्यात साडेतीन इंची फ्लॉप्या, थोड्या सव्वापाच इंचीसुद्धा, आणि कापडी पाउचमध्ये सीड्या. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डेव्ह, पुढे घरच्या पेंटियमवर रोड रॅश आणि एज ऑफ एम्पायर्स, मुलगा मोठा होताना व्हाइस सिटी आणि क्रिकेट ०७. आता यातले बरेचसे सुरूच होत नाहीत. भाच्याने एक-दोन सुरू करून दिले, पण ते 'पूर्वीसारखे वाटत नाहीत'. तर जुना कॉम्प्युटरच शोधून विकत घ्यावा का?

एवढ्यासाठी घेऊ नका. का ते पुढे येईलच. माझ्याकडे जुनी मशीनं दुरुस्तीला येतात आणि त्यांच्यामागोमाग हा प्रश्नही येतो, बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपासच्या माणसांकडून. त्यात 'सुरू होत नाही' हा भाग सोपा असतो. 'पूर्वीसारखं वाटत नाही' याचंच उत्तर खरं द्यावं लागतं, कारण ते वाटणं पुष्कळदा अगदी बरोबर असतं. गेम दुप्पट वेगाने पळतोय, चित्र आडवं ताणलंय, संगीत गायब आहे किंवा भलत्याच वाद्यांवर वाजतंय, आणि खेळणारा समजतो की आता आपलंच वय झालं. वय झालेलं असेलही, पण तो निष्कर्ष काढायच्या आधी मशीन तपासू.

जुने गेम त्या काळच्या यंत्राला चिकटून लिहिलेले असत. म्हणून डब्यातल्या प्रत्येक गेमपुढे दोन गोष्टी लिहा: तो कुठल्या काळचा आहे, आणि तुम्ही तो कसल्या मशीनवर खेळला होता. मॉनिटर रंगीत होता की काळा-पांढरा? साउंड कार्ड होतं की नुसता डब्यातला पीं-पीं करणारा स्पीकर? पुढचे सगळे उपाय यावर ठरतात.

आधी डॉसचे गेम. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवायची व्यवस्था; हे गेम ढोबळमानाने १९९५ पर्यंतचे. हे नव्या विंडोजवर थेट चालणार नाहीत, कितीही खटपट केली तरी. प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की या प्रोग्रॅमना लागणारी जुनी १६-बिट सोय त्याच्याकडे उरत नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमधून मायक्रोसॉफ्टने तो भागच वगळला. आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. फाइलवर राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटीत 'विंडोज ९५' निवडण्यात वेळ घालवू नका. त्या यादीचा डॉसच्या गेमशी काही संबंध नाही.

यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स. हा फुकटचा प्रोग्रॅम २००२ पासून आहे आणि तो तुमच्या लॅपटॉपच्या आत एक अख्खा जुना पीसी उभा करतो: प्रोसेसर, रंगीत चित्राचं व्हीजीए कार्ड, साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड, सगळं. मूळ डॉसबॉक्सची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली, अजून चालते, पण मी आता सगळ्यांना त्याच्यापासून फुटलेली 'डॉसबॉक्स स्टेजिंग' ही शाखा लावून देतो. चित्राचा आकार, पडद्याचा पोत, आवाज या बाबतीत तिच्या मुळातल्या सेटिंगच शहाण्या आहेत. ज्यांना प्रत्येक नट-बोल्ट स्वतः फिरवायचा असतो त्यांच्यासाठी डॉसबॉक्स-एक्स आहे.

आता वेग. डॉसबॉक्समध्ये 'सायकल्स' नावाचा आकडा असतो, मिलिसेकंदाला किती सूचना पाळायच्या त्याचा. खेळता खेळता कंट्रोल आणि एफ११ दाबून तो कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ दाबून वाढतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. जुन्या मशीनकडून नव्याकडे जाताना साधारण अंदाज असा: जुन्या एक्सटीसाठी ३०० च्या आसपास, २८६ साठी दीडेक हजार, ३८६ साठी पाच-सहा हजार, ४८६ डीएक्स२-६६ साठी पंचवीसेक हजार. प्रिन्ससारखे गेम मशीनच्या टायमरवर चालतात, त्यामुळे त्यांना आकड्याचं फारसं सोयरसुतक नसतं. पण १९९० चा विंग कमांडर घ्या. तो प्रोसेसर जितका पळेल तितका पळतो. ४८६ वरच तो हाताबाहेर जायचा. कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं ते आठवतंय? नावावरून वाटतं वेग वाढवायचं, पण त्याचा खरा उपयोग असल्या गेमसाठी मशीन हळू करण्याचा होता. सायकल्स हे त्याच बटणाचं बारीक दात्यांचं रूप समजा. आणि एखादा छोटा गेम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' म्हणून कोसळला तर घाबरू नका. तो बोर्लंड पास्कलमध्ये लिहिलेला आहे, सुरुवातीला मशीनचा वेग मोजताना त्याचा भागाकार फसतो. सायकल्स कमी करून पुन्हा सुरू केला की चालतो.

चित्राचा आकार ही दुसरी मोठी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरी दिसते. डॉसचे बहुतेक रंगीत गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे. गणित केलं तर हा आकार ८:५ येतो, नव्या पडद्याच्या जवळचा. पण तेव्हाचा मॉनिटर ४:३ चा होता आणि हे ठिपके त्यावर पूर्ण पसरत, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा वीस टक्के उंच दिसे. चित्रकारांनी ते गृहीत धरूनच चित्रं काढली होती. आज तोच गेम ठिपका चौकोनी धरून दाखवला की राजपुत्र बसका दिसतो, आणि पूर्ण पडदाभर ताणला तर चक्क जाडा. 'अ‍ॅस्पेक्ट' ही सेटिंग चालू ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. फुल एचडी पडद्यावर चित्र १४४० बाय १०८० चं होतं, ते योग्य आहे. पट्ट्या घालवायचा मोह आवरा.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रिन्स खेळला म्हणता. नव्वदीच्या सुरुवातीच्या आपल्याकडच्या लॅबमध्ये रंगीत मॉनिटर एक-दोनच असत, तेही सरांच्या टेबलाजवळ, आणि साउंड कार्ड तर कुठेच नाही. म्हणजे तुमच्या आठवणीतला प्रिन्स बहुधा काळा-पांढरा आहे आणि त्याच्या तलवारीचा आवाज स्पीकरमधून येतोय. भाच्याने लावून दिला तो व्हीजीए रंगातला, 'अ‍ॅडलिब' साउंड कार्डच्या संगीतासकट. तो जास्त चांगला आहे, पण तुमचा नाही. डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'मशीन' या ओळीपुढे हर्क्युलिस (तेव्हाचं एकरंगी ग्राफिक्स कार्ड) लिहा आणि साउंड ब्लास्टर बंद करा. प्रिन्सला हर्क्युलिस कार्ड ओळखता येतं. तो आपोआप एकरंगी होतो, आणि हिरवा, अंबर की पांढरा तेही डॉसबॉक्समध्ये निवडता येतं. मी हे लावून दिलेल्या माणसांनी नंतर पुन्हा रंगीत करून घेतलं, हेही सांगतो. पण आधी एकदा तसा बघून घेतला की 'पूर्वीसारखं' म्हणजे नेमकं काय ते कळतं.

प्रिन्सबद्दल जरा जास्त बोलतो, कारण मागणी त्यालाच सगळ्यात जास्त. जॉर्डन मेक्नर याने तो अ‍ॅपल टू मशीनसाठी लिहिला, १९८९ मध्ये बाहेर आला, डॉसवर १९९० मध्ये. राजपुत्राचं ते धावणं, घसरत थांबणं, कडेला लोंबकळणं इतकं खरं वाटतं कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक आकृती उतरवली. डॉस आवृत्ती उलगडून 'एसडीएलपॉप' नावाने कोणीही वापरू शकेल अशी नवी आवृत्ती तयार झाली आहे. ती डॉसबॉक्सशिवाय थेट विंडोजवर चालते, एफ६ दाबलं की जागच्या जागी सेव्ह होतं, एफ९ दाबलं की तिथूनच पुन्हा सुरू. मूळ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलच्या आधी सेव्ह करताच येत नसे, आणि साठ मिनिटांचं घड्याळ सतत डोक्यावर. आता गुडघ्यांबरोबर बोटंही जरा सावकाश चालतात, तेव्हा एफ६ वापरण्यात कमीपणा मानू नका. ज्यांना मुळातलाच हवा आहे त्यांनी डॉसबॉक्समध्ये गेमच्या नावापुढे 'मेगाहिट' लिहून बघावं. पहिल्या आवृत्तीत ते चालतं, नंतरच्या आवृत्त्यांत त्याऐवजी 'इम्प्रूव्ह्ड' लिहावं लागतं. मग शिफ्ट आणि एल दाबून लेव्हल ओलांडता येतात.

आणि शिफ्टची एक गंमत. प्रिन्समध्ये कड पकडायला, जपून पाऊल टाकायला, बाटली प्यायला, तलवार चालवायला सगळ्याला शिफ्ट. नव्या विंडोजवर शिफ्ट पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज' सुरू करायचे का, अशी खिडकी मध्येच टपकते. नेमकी काट्यांवरून उडी मारताना. राजपुत्र खाली, आणि दोष आपल्या हाताला. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन स्टिकी कीजचा शॉर्टकट आधी बंद करा. शिवाय लॅपटॉपचे वर-खालीचे बाण अर्ध्या उंचीचे असतात आणि बरेच कीबोर्ड तीन बटणं एकदम दाबली की एक गिळतात. वर, उजवीकडे आणि शिफ्ट ही उडी तिथेच फसते. एक साधा यूएसबी कीबोर्ड घ्या. डॉसच्या गेमसाठी करावा असा सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

डेव्हचं मात्र दोन वाक्यांत. जॉन रोमेरोने १९८८ मध्ये लिहिलेला, दहा लेव्हलचा छोटा गेम, डॉसबॉक्समध्ये काहीही न करता चालतो, कंट्रोलने बंदूक आणि ऑल्टने जेटपॅक. एका संध्याकाळी संपतो आणि बहुतेकांना तेवढा पुरतो.

इन्स्टॉल वगैरे करण्याआधी नुसतं चाखून बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जा. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी जवळपास २,४०० डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले, पुढे त्यात भर पडत गेली. आवाज थोडा मागे पडतो, बटणं कधी ब्राउझर पळवतो, पण हा गेम आपल्याला खरंच पुन्हा खेळायचा आहे की नुसता बघायचा होता, ते दहा मिनिटांत कळतं.

आता मधला काळ, विंडोज ९५-९८. माझ्या मते सगळ्यात त्रासदायक गेम हेच. डॉसच्या गेमला डॉसबॉक्स हे एक ठरलेलं औषध आहे, यांना तसं नाही. गेम ३२-बिट असतो, म्हणजे चालायला हवा, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट निघतो आणि सेटअपवर क्लिक केलं की 'हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही'. अशा वेळी 'वाइनव्हीडीएम' हा छोटा प्रोग्रॅम कामाला येतो, तो ६४-बिट विंडोजवर १६-बिट विंडोज प्रोग्रॅम चालवतो. इन्स्टॉल झाल्यावर पुढचं विघ्न रंगांचं. एज ऑफ एम्पायर्स १९९७ चा, त्याचा दुसरा भाग १९९९ चा; दोन्ही २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतात. विंडोज ७ वर ज्यांनी ते लावले त्यांना लाल गवत आणि जांभळं पाणी आठवत असेल. विंडोजचा एक्सप्लोरर तीच पॅलेट मध्येच बदलून टाकायचा, म्हणून टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायची पद्धत पडली होती. आता ते करायची गरज नाही. 'सीएनसी-डीड्रॉ' नावाची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की जुन्या द्विमितीय गेमचं चित्र ती नव्या पद्धतीने पडद्यावर आणते, रंग आणि आकार दोन्ही जागेवर. त्रिमितीय गेमसाठी 'डीजीव्हूडू २' वापरा. त्या काळच्या 'वूडू' ग्राफिक्स कार्डवर चालणारे गेमही त्याने चालतात. आणि विंडोजच्या ऐच्छिक सुविधांमध्ये जाऊन 'डायरेक्टप्ले' चालू करा, त्या काळच्या कितीतरी गेमना त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रोड रॅशचं दुखणं वेगळं. १९९६ ची ती विंडोज आवृत्ती मला आजवर कुठल्याही अधिकृत दुकानात नव्याने विकायला दिसलेली नाही. साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी हे तिचं अर्धं आकर्षण. असे परवान्याची गाणी असलेले गेम पुन्हा बाजारात आणणं एकंदरीतच किचकट असतं. तुमच्याकडे सीडी आहे, ते उत्तम. वरचे उपाय करून बघा, आणि तरीही नाटकं केली तर ८६बॉक्स हा शेवटचा उपाय. डॉसबॉक्स जिथे थांबतो तिथून ८६बॉक्स पुढे जातो: मदरबोर्ड, बायोस, ग्राफिक्स कार्ड निवडून त्यावर खरं विंडोज ९८ चढवायचं. जोरदार प्रोसेसर लागतो आणि एक रविवार जातो, पण गेमला आपण १९९८ मध्येच आहोत असं वाटतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ घालायचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो, तो मानू नका. त्यात विंडोज ९८ ला ग्राफिक्सचे अधिकृत ड्रायव्हर मिळत नाहीत आणि गेम रांगतात.

एज ऑफ एम्पायर्ससाठी मात्र मी ही सगळी खटपट करत नाही, सरळ नवी 'डेफिनिटिव्ह' आवृत्ती घ्यायला सांगतो. दुसऱ्या भागाची २०१९ मध्ये आली. खेळ तोच आहे, फक्त चित्र मोठ्या पडद्यासाठी नव्याने काढलंय आणि शेतं पुन्हा पुन्हा पेरावी लागत नाहीत. २०२२ च्या पुरवणीत द्रविड, बंगाली आणि गुर्जर आले, पूर्वीचे 'इंडियन्स' हिंदुस्तानी झाले. मराठे त्यात नाहीत. मराठ्यांकडून लढायचं असेल तर २००९ चा एम्पायर: टोटल वॉर घ्या, त्यात मराठा संघ हा पूर्ण खेळता येणारा पक्ष आहे आणि औरंगजेबाच्या उतरत्या काळातल्या मुघलांपासून सुरुवात होते. पानिपत टाळता येतं का ते ज्याचं त्याने बघावं.

२००० नंतरचे गेम, तुमचे व्हाइस सिटी आणि क्रिकेट ०७, बहुतेक वेळा सुरू होतात. सुरू झाले नाहीत तर कारण सीडीतल्या कुलपात असतं. सेफडिस्क, सिक्युरॉम ही नकलविरोधी कुलपं त्या काळी घालत. सेफडिस्कला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागे. सुरक्षेच्या कारणासाठी मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये जुन्या विंडोजवर बंद केला आणि विंडोज १० पासून तो नाहीच. म्हणजे गंमत अशी की पदरचे पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी चालत नाही. असा गेम गॉगवर आहे का पाहा. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेलं हे दुकान. कुलूप काढलेले जुने गेम विकतात, डॉसचे असतील तर डॉसबॉक्स आतच जोडलेला असतो. सेलच्या दिवसांत किमती खूप उतरतात, थांबायची तयारी ठेवा.

सुरू झाल्यावरची पथ्यं: गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका, सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, नाहीतर विंडोज त्याला तिथे लिहू देत नाही आणि सेव्ह केलेलं भलतीकडे जातं. व्हाइस सिटीत फ्रेम लिमिटर (चित्रांचा वेग आवरणारी सेटिंग) चालूच ठेवा, नाहीतर गाड्यांची चाल आणि माणसांच्या हालचाली विचित्र होतात. 'सायलेंटपॅच' टाकला की नव्या मशीनवरचे बरेचसे किडे मरतात. क्रिकेट ०७ हा ईएने काढलेला शेवटचा क्रिकेट गेम, आणि त्याला आपल्याकडची पोरंच जगवतायत. नवे संघ, नवी मैदानं, नव्या जर्सी अजून निघतात. पण ते पॅच घेताना डोळे उघडे ठेवा. 'फुल व्हर्जन फ्री' म्हणून मिळणाऱ्या सेटअपमध्ये काय काय भरलेलं असतं ते मी दर महिन्याला साफ करतो.

आता तो डबा. लॅपटॉप राहू द्या, आधी हे करा, कारण गेम नंतरही मिळतील, तुमच्या स्वतःच्या सेव्ह फायली आणि त्याच फ्लॉपीवर लिहिलेले प्रोग्रॅम मिळणार नाहीत. मेक्नरचंच उदाहरण: प्रिन्सच्या मूळ कोडच्या फ्लॉप्या हरवल्या असं तो समजत होता, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना त्या एका खोक्यात सापडल्या आणि वीसेक वर्षांनंतरही वाचल्या गेल्या. ती हवा आपली नव्हती. कोकणात, मुंबईत, पश्चिम घाटाच्या कडेला तीस पावसाळे काढलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते. साडेतीन इंची फ्लॉपीचं पत्र्याचं दार बाजूला सरकवा, उलट्या बाजूची धातूची चकती बोटाने हळूहळू फिरवा आणि आतला तपकिरी पृष्ठभाग तिरप्या उजेडात बघा. तो एकसारखा चकचकीत हवा. पांढुरके ठिपके, जाळी किंवा गोल ओरखडा दिसला तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका: एक बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हचं हेड खराब करते आणि ते हेड पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या खरवडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवून मग वाचायची, किंवा हे काम येणाऱ्याकडे द्यायची.

साडेतीन इंचीसाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीसाठी तसा तयार ड्राइव्ह नाही. त्यांना जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीझवीझल' नावाचं छोटं सर्किट लागतं. एकेक फाइल कॉपी करत बसू नका, पूर्ण फ्लॉपीची एक प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत असलेली एकच फाइल, बनवा आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा. वाचताना अँटिव्हायरस ओरडला तर आश्चर्य नको. त्या काळच्या फ्लॉप्यांवर 'जोशी' व्हायरस हमखास असायचा, आपल्याच देशात १९९० मध्ये सापडलेला. पाच जानेवारीला मशीन अडकायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवं विंडोज फ्लॉपीवरून सुरूच होत नाही, त्यामुळे तो तुमच्या लॅपटॉपचं काही बिघडवू शकत नाही.

सीड्यांच्या बाबतीत एकच सांगणं, पण महत्त्वाचं. त्यांची प्रतिमा घेताना नेहमीची आयएसओ फाइल करू नका. नव्वदीतल्या कितीतरी गेमचं संगीत सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपात असे. अशी सीडी ऑडिओ प्लेअरमध्ये घातली तर गाणी वाजत. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, ट्रॅक मागे राहतात. मग गेम चालतो आणि संगीत नाही, आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. 'बिन-क्यू' या जोडीत प्रतिमा घ्या, इमजबर्न हे काम फुकटात करतो. डॉसबॉक्स ती क्यू फाइल थेट जोडतो; विंडोज स्वतःहून जोडत नाही, तिथे विनसीडीएम्यू लागतो. स्वतःच्या अस्सल सीडीची अशी बॅकअप प्रत ठेवायला आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो, कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमसाठी तशी तरतूद आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या 'शंभर गेम एका सीडीत' प्रकाराला ती लागू नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. कंपनी गेम विकत नाही म्हणून तो फुकट झाला, असंही कायद्यात कुठे नाही.

जुनं मशीन का नको, तेही सांगून टाकतो. ३८६-४८६ च्या बोर्डावर छोटी पिंपासारखी बॅटरी असते. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर मेलेले असतात, हार्ड डिस्कचा भरवसा नसतो, आणि काचेच्या मॉनिटरच्या आत बंद केल्यानंतरही विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. ज्यांना सोल्डरिंगची हौस आहे त्यांनी जरूर घ्यावं. खेळायची हौस असणाऱ्याने घेतलं तर सहा महिने दुरुस्तीच खेळतो. अपवाद एक: कोअर टू ड्युओच्या काळचा एखादा पीसी कुणाकडे पडून असेल तर तो घ्या, त्यावर विंडोज एक्सपी टाका आणि इंटरनेटची वायर लावूच नका. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट २०१४ च्या एप्रिलपासून बंद आहेत. पण २००० ते २००६ चे गेम, सेफडिस्कवाल्या सीड्यांसकट, त्यावर विनातक्रार चालतात.

कुठले गेम आज टिकतात, याबद्दल माझं मत विचारलंत तर धावपळीचे कमी आणि डोक्याचे जास्त. सुरुवातीचे त्रिमितीय गेम आठवणीत सुंदर असतात आणि पडद्यावर खोकी दिसतात. रोड रॅशची लाथ अजून मजा देते, अर्धा तास. पण वाहतूक कंपनी चालवायचा १९९५ चा ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स महिनोन्महिने जातो, कारण तो तुमच्यासाठी थांबतो. त्याची 'ओपनटीटीडी' ही फुकट आवृत्ती नव्या पडद्यावर नीट बसते, अक्षरं मोठी करता येतात आणि आधीच्या सीडीचीही गरज पडत नाही. हीरोज ऑफ माइट अँड मॅजिकच्या दुसऱ्या भागासाठी 'एफहीरोज२' आणि तिसऱ्यासाठी 'व्हीसीएमआय' अशीच इंजिनं आहेत, तिथे मूळ गेमच्या फायली मात्र लागतात.

आणि लॅबमधले मित्र अजून संपर्कात असतील, कोणी नाशकात, कोणी न्यू जर्सीत, तर डूम किंवा जुना एज ऑफ एम्पायर्स एकत्र खेळता येतो. तेव्हाचे गेम आयपीएक्स या पद्धतीने बोलत, नव्या विंडोजमध्ये ती नाही. डूमसाठी चॉकलेट डूम घ्या, तो साध्या इंटरनेटवरून जोडतो; इतर डॉस गेमसाठी डॉसबॉक्सच्या आतच आयपीएक्सची सोय आहे; विंडोजच्या गेमना आयपीएक्सरॅपर आणि सगळ्यांना जोडणारं एखादं व्हीपीएन लागेल. आधी दोघांनीच जोडून बघा, आणि सगळ्यांकडे गेमची आवृत्ती अगदी एकच आहे ना हे तपासा. एकाची १.० आणि दुसऱ्याची १.० ए असली तरी एकमेकांची नावं यादीत दिसत नाहीत.